पाटीवरचं ‘डॉ.’: निसर्गोपचाराचं शिक्षण, नोंदणी आणि लालबागचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या मुलीला मी मेघना म्हणते. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल अशा काही खुणाही. ती लालबागच्या चाळीत वाढलेली. वडील बेस्टमध्ये कंडक्टर, आई पोळीभाजीचे डबे करते. दादरच्या एका ट्रस्टच्या मार्गदर्शन केंद्रात मी दर शनिवारी बसते, दहावी-बारावीच्या मुलांशी पुढच्या शिक्षणाबद्दल बोलते. २०१४ च्या जूनमध्ये मेघना आईबरोबर तिथे आली. बारावी सायन्स झाली होती, पण वैद्यकीय सीईटीत एमबीबीएस सोडाच, सरकारी बीएएमएसही (आयुर्वेदाची पदवी) हुकलं होतं. खासगी कॉलेजची फी आवाक्याबाहेर होती.

निसर्गोपचाराची ओढ तिला आजीमुळे लागली. गुडघ्यांनी हैराण झालेली आजी बारा दिवस उरुळीकांचनच्या आश्रमात राहिली होती. गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला आणि मणिभाई देसाईंनी पुढे उभा केलेला हा आश्रम. सोबतीला गेलेल्या मेघनाने तिथे सगळं पाहिलं: सकाळी पोटावर ठेवलेली मातीची गार पट्टी, टबातलं कटिस्नान, अळणी जेवण, संध्याकाळची प्रार्थना. आजी परतली ती वजन उतरवून, आणि चाळीचे तीन जिने मध्ये न बसता चढली. मुलीच्या मनात तिथेच पक्कं झालं.

आईने पिशवीतून एक माहितीपत्रक काढलं. साडेतीन वर्षांचा ‘निसर्गोपचार व योग’ डिप्लोमा, वर्ग फक्त रविवारी, शेवटी नावापुढे ‘एन.डी.’ आणि नावाआधी ‘डॉ.’. वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘सरकारमान्य रजिस्टर्ड’, खाली एक नंबर. मी फी विचारली, वर्ग कुठे भरतात ते विचारलं, आणि म्हटलं, “आवड आहे तर कर, सोबत बीएस्सी चालू ठेव.” तो नंबर कशाचा आहे हे मी विचारलं नाही. तो संस्थेच्या नोंदणीचा होता, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालचा. आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाकडेही तसा नंबर असू शकतो. संस्थेची नोंदणी वेगळी, तिने दिलेल्या पात्रतेवर रुग्ण तपासायची परवानगी वेगळी. हा फरक मला ठाऊक असायला हवा होता.

अडचण

मेघनाने डिप्लोमा मन लावून केला. २०१८ मध्ये परळला एका गाळ्याचा मागचा अर्धा भाग भाड्याने घेतला. पत्र्याच्या निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव, आधी ‘डॉ.’, नंतर ‘एन.डी.’. आत एक टेबल, वाफेची पेटी, आणि रात्री भिजवून ठेवलेल्या चाळलेल्या मातीच्या दोन बादल्या. तिने पत्रकंही छापली होती. त्यावर एक ओळ होती: ‘मधुमेह मुळापासून बरा’.

२०१९ च्या फेब्रुवारीत साठीतले एक काका आले. पंधरा वर्षांचा मधुमेह, रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी. तिने त्यांना तीन दिवसांचा रसाहार सांगितला: लिंबू-मध-पाणी, दुधीचा रस, कोहळ्याचा रस. गोळीबद्दल काकांनी स्वतःहून विचारलं. ती म्हणाली, “काका, गोळ्या चालूच ठेवा, अ‍ॅलोपॅथीत मी हात घालत नाही.”

सगळं प्रकरण या एका वाक्यावर फिरतं. वाक्य सज्जनपणाचं होतं. मेघना आपली मर्यादा पाळत होती, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं. पण ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. उपवासात ती तशीच चालू ठेवली तर साखर खाली जाणार. आणि ती स्वतः ‘गोळी बंद करा’ म्हणाली असती तर तेही तिच्या अधिकारातलं नव्हतं. बरोबर रस्ता एकच होता: रसाहार सुरू करण्याआधी काकांना त्यांच्या फिजिशियनकडे पाठवायचं आणि गोळीचं काय ते त्यांच्याकडून लिहून आणायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रविवारच्या वर्गात उपवासाचे फायदे दोन पानं भरून होते, उपवास कुणाला द्यायचा नाही हे मात्र चार ओळींत आटोपलेलं. ती वही मी नंतर पाहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं असंबद्ध झालं. काकूंनी शेजाऱ्याच्या मदतीने टॅक्सीत घालून केईएमला नेलं. साखर ४१ भरली. सलाइनमधून ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले, आणि अशा गोळीचा अंमल लांबतो म्हणून दोन दिवस देखरेखीखाली ठेवले गेले. काका बरे झाले. त्यांच्या मुलाने मात्र तक्रार केली, आणि पंधरा दिवसांत मेघनाच्या हातात पत्र पडलं: वैद्यकीय व्यवसायाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र सादर करा.

ती पत्र घेऊन आधी डिप्लोमा देणाऱ्या संस्थेकडे गेली. तिथे तिला कोर्टाच्या आदेशांच्या झेरॉक्सची जाडजूड फाईल मिळाली आणि ‘काही होत नाही’ असा दिलासा. ती फाईल आम्ही वकिलांना दाखवली. त्यातले कागद बहुतेक संस्थेने वर्ग चालवण्याबद्दलचे होते. शिकून बाहेर पडलेल्याने रुग्ण तपासावेत की नाही, याबद्दल त्यात तिच्या उपयोगाचं काही नव्हतं.

समोर असलेले पर्याय

शनिवारी संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर आम्ही पाच जण बसलो: मेघना, तिचे आईवडील, ओळखीचे एक वकील आणि मी. वडिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, पोरीला आत टाकतील का?”

वकिलांनी कायदा सोप्या शब्दांत सांगितला. महाराष्ट्राचा १९६१ चा मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायदा आहे, त्याचं कलम ३३ नोंदणी नसलेल्यांना वैद्यकीय व्यवसाय करायला मनाई करतं आणि त्यात शिक्षाही आहे. पत्रकावरची मधुमेहाची ओळ वेगळं प्रकरण होईल. १९५४ च्या जादूई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि मधुमेह तिच्यात आहे. मग त्यांनी १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. तो मुंबईतलाच. होमिओपॅथीची पात्रता असलेल्या एका डॉक्टरांनी तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयाने ठरवलं. मेघनाने औषध दिलं नव्हतं. पण मधुमेही माणसाला उपवासावर ठेवणं हाही उपचारच आहे, हे तिला त्या संध्याकाळी उमगलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग पर्यायांवर आलो.

लढायचं, हा पहिला. निसर्गोपचारात औषध नाही म्हणून तो वैद्यकीय व्यवसाय नाही, असा युक्तिवाद करणारे आहेत. वकील म्हणाले, वेळ काढता येईल, पण केईएमचा केसपेपर समोर ठेवून हे बोलणं जड जाईल.

दुसरा, ‘डॉ.’ काढून योगशिक्षिका म्हणून काम करायचं. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा देता येतात, वर्ग घेता येतात, रोगावर इलाजाचा दावा करायचा नाही. प्रामाणिक आणि लगेच पोटाला लागणारा मार्ग. त्याच्या जवळचाच आणखी एक: पुण्याच्या राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेतला उपचार सहाय्यकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. ताडीवाला रोडवरच्या ज्या बापू भवनात ही संस्था १९८६ मध्ये सुरू झाली, तिथे आधी डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं आणि गांधीजी तिथे राहून गेले होते. या अभ्यासक्रमाचं मला आवडतं ते नाव. सहाय्यक म्हणजे सहाय्यक. कुणाची फसगत होत नाही.

तिसरा, ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊन बीएएमएस. मुंबईत वरळीला पोद्दार आहे, पदवीनंतर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये नाव लागतं, रस्ता सरळ. पण मेघनाला आयुर्वेद नको होता. पाच वर्षांपूर्वीच्या फिजिक्सवर ‘नीट’ द्यायची ताकदही तिला वाटत नव्हती.

चौथा पर्याय तिच्या मावसबहिणीने टोरांटोहून सुचवला. “अगं, इकडे नॅचरोपॅथिक डॉक्टर असतात, लायसन्स मिळतं.” यावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण गोंधळ अक्षरांचा होता. तिथली पदवीही ‘एनडी’च. पण ती आधी पदवी घेऊन मग चार वर्षं पूर्णवेळ करायची, मान्यता देणाऱ्या परिषदेच्या नियमाप्रमाणे किमान ४,१०० तासांची, त्यातले १,२०० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर. त्यानंतर एनप्लेक्स नावाची दोन टप्प्यांची परीक्षा, पहिल्या टप्प्यात शरीरशास्त्रासारखे पायाभूत विषय, दुसऱ्यात रोगनिदान आणि उपचार. तेवढ्यावरही लायसन्स प्रांतागणिक. ओंटारियोत २०१५ पासून स्वतंत्र नियामक कॉलेज आहे. अमेरिकेत ओरेगन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोनामध्ये या डॉक्टरांना बरेच अधिकार आहेत, तर टेनेसीत व्यवसायालाच बंदी. आणि तिथे शिकवतात त्यात वनस्पतिजन्य औषधं, होमिओपॅथी असं पुष्कळ येतं. आपला निसर्गोपचार बिनऔषधी. तीच दोन अक्षरं मेघनाच्या पाटीवर रविवारच्या वर्गांच्या जोरावर होती. खर्चाचा आकडा ऐकून हा पर्याय मागे पडलाच. पण तिथून परत येऊन परळमध्ये बसायचं, तर ती पदवी इथल्या रजिस्टरात आपसूक बसत नाही, हे कारण मला जास्त मोठं वाटलं.

पाचवा, बीएनवायएस. निसर्गोपचार आणि योगविज्ञानाची पदवी, साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. कर्नाटकातल्या उजिरे गावचं कॉलेज १९८९ चं, म्हणजे त्या राज्यात ही पदवी जुनी. तिथल्या कॉलेजांना राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाची संलग्नता असते. आणि मुख्य म्हणजे कर्नाटकच्या १९६१ च्या नोंदणी कायद्याच्या नावातच आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांच्या रांगेत निसर्गोपचार हा शब्द आहे, त्यामुळे पदवीनंतर नाव लागतं. एकाच सालचे दोन राज्यांचे दोन कायदे, आणि निसर्गोपचार शिकणाऱ्याचं नशीब दोन्हीकडे निराळं.

निर्णय आणि त्यानंतरची पावलं

पहिला निर्णय त्याच रात्री झाला. रविवारी सकाळी वडील पाना-पकड घेऊन परळला गेले आणि पाटी उतरवली. स्क्रू गंजले होते, एक तुटून भिंतीतच राहिला. मेघनाने मातीच्या बादल्या मागच्या चौकातल्या तुळशीच्या आणि जास्वंदीच्या कुंड्यांत रिकाम्या केल्या. सोमवारी वकिलांच्या मदतीने उत्तर गेलं: नोंदणी नाही, उपचार बंद केले आहेत, पाटी आणि पत्रकं काढली आहेत. एकही शब्द फिरवला नाही. आईला वाटत होतं, इतकं कबूल कशाला करायचं? वकील ठाम राहिले. पुढे समज देऊन प्रकरण मिटलं. पण ते काका सुखरूप होते म्हणून, हे विसरून चालणार नाही.

काकांकडे जायचं की नाही यावर दुमत होतं. वकील म्हणाले, उत्तर जाईपर्यंत थांबा. मेघना थांबली, आणि नंतर एकटीच गेली. मुलाने दारातच उभं ठेवलं. काकूंनी आत बोलावून पाणी दिलं.

बीएनवायएसचं ठरायला तीन महिने लागले. मी त्या बाजूने होते, वडील योगवर्गांच्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: मुलगी बावीस संपून तेविसात, पदवी होईपर्यंत तिशीला टेकणार, वर कर्ज. शेवटी मेघनाने स्वतःच सांगितलं, “बाबा, काकांच्या बाबतीत काय चुकलं ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. ते कळल्याशिवाय मी कुणाच्या पोटाला हात लावणार नाही.”

कर्नाटकात सीईटीच्या जागा मुख्यतः तिथल्या रहिवाशांसाठी, म्हणून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला. वाशीच्या बोर्डातून मायग्रेशन, विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र, यात एक महिना गेला. बँकेचा अनुभव सांगण्यासारखा आहे. २०१४ मध्ये याच बँकेने डिप्लोम्यासाठी कर्ज द्यायला नकार दिला होता, आणि आम्ही बँकेला नावं ठेवली होती. आता विद्यापीठाच्या संलग्नतेचं पत्र दाखवल्यावर अर्ज पुढे सरकला. तेव्हा चार लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, त्यावर साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागे. मोठे मामा जामीन राहिले.

पहिल्या वर्षी शवविच्छेदन, शरीरक्रिया, जीवरसायन. स्वादुपिंड हातात धरून पाहिलं त्या रात्री तिने मला फोन केला होता. “ताई, एवढंसं असतं ते,” एवढंच म्हणाली. मग २०२० आलं, हॉस्टेल रिकामं झालं आणि जवळजवळ वर्षभर लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत, डब्यांच्या पोळ्यांच्या वाफेत, मोबाइलवर लेक्चरं झाली. त्याच वर्षी भारतीय चिकित्सापद्धतींच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. योग आणि निसर्गोपचारही त्यात घ्यावेत असं संसदीय समितीने सुचवलं होतं, त्यामुळे आम्ही आशेवर होतो. कायद्यात आले आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा, म्हणजे तिबेटी वैद्यक. निसर्गोपचार बाहेर राहिला. मेघनाच्या वर्गातल्या दोघांनी तेव्हा शिक्षण सोडलं. ती टिकली. कोविडमुळे परीक्षा लांबल्या आणि इंटर्नशिप संपेस्तोवर २०२५ उजाडलं. त्यानंतर कर्नाटकच्या बोर्डात नाव लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी माझं. २०१४ मध्ये मी फीऐवजी एक प्रश्न विचारला असता, ‘हे शिकल्यावर हिचं नाव कुठल्या रजिस्टरात लागणार, आणि ते रजिस्टर कुठल्या कायद्याखाली आहे?’, तर ती तेव्हाच उजिऱ्याच्या वाटेला लागली असती, किंवा जाणूनबुजून सहाय्यक झाली असती. साडेतीन वर्षं वाया गेली नसती आणि एका माणसाचा जीव टांगणीला लागला नसता. आता केंद्रातल्या फॉर्मवर तो प्रश्न छापला आहे, आणि उत्तर संस्थेच्या माहितीपत्रकातून घ्यायचं नाही, कायद्याच्या मजकुरातून घ्यायचं, अशी टीप खाली आहे.

मेघनाच्या बाजूने वळणाची जागा होती ती काकांनी गोळीबद्दल विचारलं तो क्षण. ‘मला माहीत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारून या’ एवढं पुरलं असतं. पण नावाआधी ‘डॉ.’ लावून बसलेल्या माणसाला ‘मला माहीत नाही’ म्हणणं अवघड जातं, आणि ते अक्षर काढून बसणारीला सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. मेघनाचंही तेच मत आहे.

एका बाबतीत मात्र मी अजून साशंक आहे. वडिलांचा योगवर्गांचा पर्याय आम्ही फार लवकर बाजूला सारला का? कर्जाचे हप्ते आता सुरू झाले आहेत, आणि आई अठ्ठावन्नाव्या वर्षी पहाटे चारला उठून डबे करते. योगवर्ग घेत घेत दोन वर्षं पैसे साठवून मग पदवीला जाता आलं असतं. तेव्हा आम्हाला पाटीचा डाग लवकर पुसायची घाई झाली होती.

आजची स्थिती

मेघना आता मुंबईत एका धर्मादाय ट्रस्टच्या निसर्गोपचार केंद्रात नोकरी करते. तिथे एमबीबीएस फिजिशियन आठवड्यातून तीन दिवस बसतात. स्वतःचा दवाखाना तिने काढलेला नाही. कर्नाटकचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्रात किती चालतं हे तोंडी बरेच जण सांगतात, पण तिला ते लेखी हवं आहे. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, उत्तराची वाट पाहते आहे.

केंद्रात येणाऱ्या प्रत्येकासाठी तिने एक कागद केला आहे. पहिला प्रश्न आजाराचा नाही: ‘सध्या कोणत्या गोळ्या, किती वाजता, कुणी दिलेल्या?’ दुसऱ्या रांगेत उपवासाला नको म्हणायची यादी आहे, तिच्या हाताने लिहिलेली. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणारे, गरोदर बाई, मूत्रपिंडाचा आजार असलेले, वजन आधीच कमी असलेले.

गेल्या महिन्यात इन्सुलिनवर असलेल्या एक बाई सात दिवसांचा उपवास मागत आल्या. मेघनाने फिजिशियनच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि आधी त्यांना भेटायला सांगितलं. बाई चिडल्या. “मग निसर्गोपचार कशाला म्हणायचं?” म्हणाल्या, चिठ्ठी टेबलावरच ठेवून निघून गेल्या. त्या दुसरीकडे कुठे गेल्या हे मेघनाला कळलेलं नाही. चिठ्ठी तिने त्यांच्या कागदाला टाचून ठेवली आहे, आणि दर दोन-तीन दिवसांनी त्या नंबरवर फोन लावून पाहते.